हलकं .३२ रिव्हॉल्व्हर घेताय? पैसे देण्याआधी नळीखाली बघा

अॅल्युमिनियम फ्रेमचं, म्हणजे सांगाड्याचं, जुनं विदेशी .३२ साडेतीन लाखाला मिळतंय, घेऊ का, असं कुणी विचारलं की मी एकच सांगतो. आधी सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं, उघडा आणि नळी फ्रेममध्ये जिथं शिरते त्या कड्याचा तळ बघा. तिथं केसाएवढी रेघ दिसली, तर ते शस्त्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मी राज्य राखीव पोलीस दलात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो, जालन्याच्या गट क्रमांक ३ मधून निवृत्त झालो. नोकरीत हाताखालून गेली ती सगळी पोलादी हत्यारं. आता ओळखीतले परवानाधारक शस्त्र घेण्याआधी मला बोलावतात. मी मालकासमोर बघतो आणि मत सांगतो, तेवढंच. परवान्याशिवाय शस्त्रदुरुस्ती करणं शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे स्क्रूला हात लावायचं काम डीलरचं.

या वेळी बोलावणं होतं अंबड रस्त्यावर पेट्रोल पंप चालवणाऱ्या आमच्या वहिनींचं. भरणा घेऊन बँकेत त्या स्वतः जातात. परवाना त्यांच्याच नावावर आहे. विकणारे गृहस्थ बीडकडचे, वडिलांचं रिव्हॉल्व्हर विकायला काढलेलं. आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकासाठी विदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्याआधी जे देशात आलं तेच हातोहात फिरतंय, आणि किंमत ठरते ती नळीवरच्या नावाची. हत्याराची तब्येत कुणी विचारत नाही. मी इथं कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी सांगतोय तो प्रश्न या जातीच्या सगळ्याच रिव्हॉल्व्हरना लागू आहे.

दोन इंची नळी, गोळ्यांची सहा घरं, नळी आणि सिलिंडर पोलादाचं, फ्रेम अॅल्युमिनियम मिश्रधातूची. वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. याच मापाचं संपूर्ण पोलादी सहाशेच्या घरात जातं. वहिनींनी उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे तर पर्समध्ये ठेवलेलं कळणारसुद्धा नाही. घेऊनच टाकते."

"थांबा वहिनी, आधी बघू द्या."

चांगलं ते आधी सांगतो. चाप लोण्यासारखा. घोडा हळूहळू मागे ओढला की प्रत्येक घर बरोबर नळीसमोर येऊन खटका बसत होता, सहाच्या सहा वेळा. नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे चर धारदार, शिसं साचलेलं नाही. हे हत्यार फार चाललेलं नाही हे उघड होतं, आणि विकणाऱ्यांचा भरही त्यावरच होता: "काका, वडिलांनी दसऱ्याला पूजेपुरतंच काढलं हो." मला ते खरंही वाटलं.

झीज दिसत होती ती बाहेरून. फ्रेमचा काळा रंग मुठीच्या वर आणि चापाच्या कडीपाशी उडून पांढरा धातू उघडा पडला होता. अॅल्युमिनियमवरचा हा रंग म्हणजे अॅनोडायझिंगचा कडक थर असतो. तो गेला की खालचा धातू मऊ. त्यात आपल्याकडे कमरेला चामड्याचं पाकीट, एप्रिल-मेचा घाम, आणि शस्त्र महिनोन्‌महिने त्याच पाकिटात बंद. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि घामाचा ओलावा मिळून धातू खातात, आणि पोलादाचा स्क्रू जिथं अॅल्युमिनियमला टेकतो तिथं जास्त खातात. बाजूच्या झाकणाच्या एका स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली होती. शस्त्र पाकिटात घालून कपाटात ठेवू नका हे मी प्रत्येकाला सांगतो, फार थोडे ऐकतात.

मग सिलिंडरची मागेपुढे होणारी हालचाल. सिलिंडर बंद करून मागे दाबायचं, नळी आणि सिलिंडरमधली फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी मोजायची, मग पुढे दाबून पुन्हा मोजायची. दोन मापांतला फरक म्हणजे ढिलेपणा. फट साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असावी आणि ढिलेपणा ०.०५ च्या आत. इथं तो किंचित जास्त होता. तेवढ्यावर मी नाही म्हटलं नसतं. फटीच्या वर फ्रेमची जी पट्टी असते, तिच्यावर गरम वायूची रेघ कोरली जाते. ती इथं जेमतेम होती.

आता खरी जागा. सिलिंडर बाजूला उघडा, सहा घरं मोकळी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा बघा, आणि शस्त्र उलटं धरून उजेडात न्या. नळीच्या बाहेरचे आटे फ्रेमच्या ज्या कड्यात बसतात, त्या कड्याचा तळचा भाग सगळ्यात पातळ असतो, कारण सिलिंडर धरणाऱ्या आर्मला जागा द्यायला तिथूनच धातू काढलेला असतो. भिंगातून बघितलं तर बरोबर मधोमध नळीच्या दिशेने एक रेघ. वहिनींच्या मुलाने विचारलं, "काका, ओरखडा हाय का?" ओरखड्याच्या कडांवर धातू उचललेला दिसतो आणि तो आट्यांपर्यंत जात नाही. ही रेघ आट्यांत उतरली होती, म्हणजे तो तडा असणार.

तरी नुसत्या डोळ्यांवर मी कुणाचा सौदा मोडत नाही. विकणाऱ्यांना विचारलं, ते तयार झाले, आणि शस्त्र त्यांच्यासोबत छत्रपती संभाजीनगरच्या एका परवानाधारक डीलरकडे नेलं. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत चुंबकाने तडा शोधतात, पण अॅल्युमिनियम चुंबकाला जुमानत नाही. इथं डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात मुरणारा रंग लागतो. कारागिराने कडं सॉल्व्हंटने धुऊन कोरडं केलं, लाल रंग फवारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून काढला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. खडूसारख्या त्या पांढऱ्या थरातून हळूहळू लाल रेघ वर आली. सुमारे चार मिलिमीटर लांब, सरळ, मध्ये कुठंही न तुटलेली. विकणारे गृहस्थ बराच वेळ भिंग डोळ्याला लावून बसले होते. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या नियतीवर मला शंका नाही.

"पण चाललंच नाही तर तडा गेला कसा?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि बहुतेकांची गफलत इथंच होते. दरवेळी तडा गोळीबारानेच जातो असं नाही. पोलादी नळी अॅल्युमिनियमच्या कड्यात कसून आवळलेली असते. ते कडं कारखान्यातून बाहेर पडल्यापासून आतून ताणलेलंच असतं. आट्यांच्या खाचांत तो ताण गोळा होतो. वर प्रत्येक गोळीचा झटका. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. पोलादाचं वेगळं आहे: ताण एका मर्यादेच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही वेळा सोसतं. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही, लहान झटकेसुद्धा जमा होत जातात. .३२ चं काडतूस तसं सौम्य, गोळी ९८ ग्रेनची म्हणजे सहा ग्रॅमच्या थोडी वर, दाबही कमी. मोठ्या बोअरच्या जोरकस काडतुसांनी ही फ्रेम आणखी लवकर जाते. अमेरिकी हवाई दलाने १९५० च्या दशकात वैमानिकांसाठी फ्रेमच काय, सिलिंडरसुद्धा अॅल्युमिनियमचं करून घेतलं होतं. ती सिलिंडरं भरवशाची निघाली नाहीत आणि ती रिव्हॉल्व्हरं मागे घेऊन बहुतेक नष्ट करावी लागली.

कुणीतरी सुचवलंच, "वाळूजला आर्गॉन वेल्डिंग मस्त करतात." कृपा करून हे करू नका. या मिश्रधातूला ताकद येते ती उष्णोपचाराने. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि तडा शेजारी सरकतो. शिवाय फ्रेम हाच शस्त्राचा क्रमांक असलेला भाग, ती बदलणं म्हणजे कायद्याने दुसरं शस्त्र. अशी फ्रेम गेली की हत्यार गेलं.

मग हलकं घ्यायचंच नाही का? घ्यावं, पण ते कशासाठी हे ओळखून. कायम जवळ बाळगायचं आणि क्वचित चालवायचं, अशा माणसाला हलकं हत्यार खरोखर उपयोगी आहे, कारण जड हत्यार शेवटी घरी राहतं. फक्त सरावाची अपेक्षा त्याच्याकडून धरू नका. गोळी तीच राहून वजन सहाशेवरून सव्वाचारशेवर आलं की धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दीडपट होते. ती मनगटालाही बसते आणि फ्रेमलाही.

वहिनींना मी कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचं 'निर्भीक' बघायला सांगितलं. २०१४ साली आलं तेव्हा त्याची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. आधीचं देशी .३२ सातशे-साडेसातशे ग्रॅमचं, हे टायटॅनियम मिश्रधातूमुळे पाचशेच्या आसपास. झटके सोसण्यात टायटॅनियम अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी वरचढ आहे. रचना वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरसारखी, नळी खाली मोडून उघडणारी, त्यामुळे तिथं बघायची जागा वेगळी: वरचा खटका आणि पुढची बिजागरी. बंद करून नळी हाताने हलवून बघायची, खडखडली तर दुसरं मागायचं. चाप मात्र त्या विदेशी हत्यारापुढे जड वाटतो, वहिनींनी तो दाबून बघूनच ठरवावं.

बीडच्या गृहस्थांनी आपलं रिव्हॉल्व्हर त्याच डीलरकडे जमा केलं. आता ते चालवायचं नाही, अशी चिठ्ठी मी स्वतः लिहून पाकिटाला बांधली. वहिनींनी साडेतीन लाखांतून पंपावर तिजोरी बसवली आहे आणि नव्या शस्त्राची कागदपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयात दिली आहेत. ते आलं की पहिल्या दिवशी फिलर गेज घेऊन मी जाणार आहे.