सुटा इसबगोल की डब्यातला? जांभळी नाक्यावरची खरेदी

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात इसबगोलाचा भुसा सुटाही मिळतो, डबाबंदही. आमचं मत डब्याच्या बाजूने. पावसाळ्यात सुटा माल ओल धरतो, गुठळ्या होतात. भुसा फिकट, हलका हवा. काळे कण दिसले तर परत करा. संत्र्याच्या चवीच्या पुड्यांत बऱ्याचदा साखरच जास्त, लेबल वाचा.

डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्यावरच्या छोट्या पिशव्यांची सूज, होऊन गेलेले अनेक जण हा भुसा घेतात. सुरुवात एक चहाचा चमचा, मोठा पेला पाण्यात (सुमारे २५० मिली). ढवळून लगेच प्या, नाहीतर खळ होते. वर आणखी पाणी. आठवड्याने चमचा वाढवा. घाई केली की पोट फुगतं. पाणी कमी पडलं तर भुसा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. भुसा आणि इतर गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

दुखणं चालू असताना मात्र हा डबा बंदच ठेवा. खालच्या पोटात सतत कळ आणि ताप असेल तर डॉक्टर गाठा. निदान सीटी स्कॅनने पक्कं होतं. आपल्याकडे दुखणं उजवीकडेही असू शकतं, मग अपेंडिक्सचा संशय येतो. दुखणं असेपर्यंत काही दिवस पातळ, कमी चोथ्याचं जेवण. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका.

पुन्हा होऊ नये म्हणून भुशापेक्षा ज्वारीची भाकरी, मटकी, पालेभाजी यांवर आमचा भरवसा जास्त. शेंगदाणे, तीळ सोडायची गरज नाही. तो जुना समज.