बिजागरीचा ब्रेस आणि माझा गुडघा : नऊ महिन्यांनंतर

दुचाकी घसरली आणि गुडघ्यातली एसीएल (पुढची), पीसीएल (मागची), एमसीएल (आतल्या बाजूची) अशी तिन्ही लिगामेंट, म्हणजे हाडांना एकत्र धरणारे बंध, एका फटक्यात तुटली. अशा दुखापतीत गुडघ्यामागची रक्तवाहिनी आधी तपासतात, ती दुखावली असेल तर लिगामेंटचं नंतर बघतात. माझी शाबूत होती. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने बिजागरीचा लांब ब्रेस (मांडी-पोटरीला पट्ट्यांनी बांधायचा आधार) लावला, पुढे छोटा. ज्यांना नुकताच लागलाय त्यांच्यासाठी लिहितेय.

पहिले सहा आठवडे कुबड्या, पाय टेकायचा नाही. ब्रेस सरळ स्थितीत लॉक. या काळात सगळ्यात त्रास झाला तो ब्रेस घसरण्याचा. मांडी इतक्या झपाट्याने सुकते की आज घट्ट बसलेला पट्टा आठवड्याने सैल पडतो. बिजागरी गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध यायला हवी, माझी दुपारपर्यंत चार बोटं खाली आलेली असायची. शेवटी फिजिओथेरपिस्टने दाखवलं: पोटरीच्या फुगवट्याच्या वरचा पट्टा आधी आवळायचा, मग बाकीचे. तेव्हापासून तो जागेवर राहिला. आत सुती मोजा घातला तर वेलक्रोच्या कडा टोचत नाहीत.

पीसीएलचं ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला नवा बंध) असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. उताणं झोपलं की नडगीचं हाड स्वतःच्या वजनाने मागे लोंबतं आणि ताण थेट नव्या ग्राफ्टवर येतो. मी व्हिडिओ बघून टाचेखाली टॉवेल ठेवत होते. फिजिओने तो उचलून पोटरीखाली सरकवला. गुडघा वाकवायचा तोही पालथं झोपून, तिच्या हाताच्या आधाराने. मांडीमागचा स्नायू आवळून स्वतः वाकवायला बरेच आठवडे बंदी होती.

वाकण्याचीच काळजी सगळे करतात, मीही केली. नव्वद अंश झाले का, शंभर झाले का! पण पाय पूर्ण सरळ होणं जास्त महत्त्वाचं, कारण पाच-सात अंश कमी राहिले तरी चाल लंगडी होते. माझे राहिले होते. त्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरायचा व्यायाम दिवसातून कितीतरी वेळा केला, कंटाळून रडलेसुद्धा. वाटीच्या आतल्या बाजूचा त्या स्नायूचा छोटा उंचवटा पुन्हा हाताला लागला, त्या दिवशी आईला बोलावून दाखवला.

ब्रेस आता कपाटात आहे. जिना सरळ उतरते, पण धावायला अजून परवानगी नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजून बघितल्याशिवाय ती मिळणार नाही, आणि मलाही घाई नाही.