‘लायसन्स नको आणि पल्ला ३०० मीटर’: देवळालीच्या नावाने चाललेली फसवणूक

‘आर्मी ऑफिसर, देवळालीहून बदली, स्नायपर टाइप रायफल तातडीने विकणे आहे.’ नाशिकजवळच्या या लष्करी छावणीचं नाव घेणारी अशी जाहिरात नाशिकच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर दिसली तर पुढचं सगळं वाचा. या जाहिरातीपायी माझे ४३,५०० रुपये गेले. त्यातला मोठा वाटा रायफल घेण्याच्या हौसेपोटी गेला नाही, धमकीपोटी गेला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी नाशिकमधल्या एका क्लबात १० मीटर एअर रायफल करतो. नेमबाजीचे मार्गदर्शक भीष्मराज बाम सरांच्या या शहरात नेमबाजीला मान आहे, शिकवणारी माणसंही आहेत. पण १० मीटरवर हात बसला की मन पुढे धावतं. ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारण्याचा प्रकार, करावा, कधीतरी ३०० मीटरवर बसावं असं वाटू लागतं. त्यात लष्करी धाटणीच्या रायफलींचं वेड आमच्या क्लबातल्या निम्म्या पोरांना आहे आणि मलाही आहे. ते लपवण्याचं कारण नाही, कारण या टोळीला नेमकं तेच गिऱ्हाईक हवं असतं.

फोटोतली रायफल दिसायला देखणी होती. काळी अॅल्युमिनियमची चेसिस म्हणजे सांगाडा, घडी होणारा दस्ता, पुढे बायपॉड म्हणजे दोन पायांचा टेकू, वर दुर्बीण बसवायची लांबलचक रेल आणि तिच्यावर मोठ्या नॉबची दुर्बीण. मागे खाटेवर हिरवी किटबॅग आणि तोफखान्याचं चिन्ह असलेली टोपी ठेवलेली. किंमत ६२,००० रुपये. खाली लिहिलं होतं : ‘पीसीपी, ४.५ एमएम, लायसन्स फ्री, ३०० मीटरपर्यंत अचूक.’

पीसीपी म्हणजे आधी टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल. लायसन्स फ्री या शब्दांवर मी अडखळलो नाही, कारण आमच्या क्लबातल्या रायफलीही विनापरवानाच असतात. बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, आणि ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ बोअर. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे बोअर तेवढीच आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेतो, नोंद करतो, तेवढंच. म्हणजे जाहिरातीतला हा अर्धा भाग कायद्याला धरून होता.

उरलेला अर्धा भाग साफ खोटा होता. पॉइंट १७७चा साधारण छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. २० जूलमध्ये तो फार तर सेकंदाला २८० मीटरच्या आसपास वेगाने निघतो आणि हलका असल्यामुळे लगेच मंदावतो. गंगापूर धरणाकडून संध्याकाळी येतो तसा वारा असला तर ५० मीटरवरच तो बाजूला सरकायला लागतो. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथे मारायला थर्टी-ओ-सिक्ससारखं मोठ्या रायफलीचं काडतूस लागतं आणि त्याची ऊर्जा ३,८०० जूलच्या घरात असते. कुठे २० आणि कुठे ३,८००! परवाना नको आणि पल्ला ३०० मीटर, या दोन्ही गोष्टी एकाच रायफलीबद्दल खऱ्या असूच शकत नाहीत. कुणी दोन्ही एका दमात सांगत असेल तर तो विक्रेता नाही, हे धरून चाला.

फोन केला तर पलीकडून ‘जय हिंद सर’. आवाज दमदार, हिंदीच्या वळणाचं मराठी. मेजर आहे म्हणाला. न मागता ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवला. मी म्हटलं, देवळाली कॅम्पला येऊन रायफल हातात घेऊन बघतो. त्यावर उत्तर तयारच होतं : ‘सर, सिव्हिलियनला गेटवर पास लागतो. माझी मूव्ह ऑर्डर निघालीये, सामान आर्मी ट्रान्सपोर्टला लागलंय. जवान तुमच्या घरी आणून देईल, बघा आणि मग बाकीचे द्या.’ वर हेही म्हणाला की, ओळखीने देवळालीच्या रेंजवर मारायला मिळेल, मी बोलून ठेवतो.

टोकन म्हणून ५,००० गेले. मग वाहतूक आणि विम्याचे १३,५००, ‘डिलिव्हरीला परत मिळतील’ या बोलीवर. खरी लूट त्यानंतर सुरू झाली.

रात्री जेवायच्या वेळी दुसऱ्याच नंबरवरून फोन आला. हा माणूस सर वगैरे म्हणत नव्हता. पार्सल द्वारका सर्कलला अडवलंय, स्कॅनिंगमध्ये माल ५.५ एमएमचा निघालाय, म्हणजे पॉइंट २२, त्याला लायसन्स लागतं, पार्सलवर नाव तुझं आहे, आर्म्स अॅक्ट लागतो. मागे वायरलेसचा खरखराट चालू होता. ‘घरी गाडी पाठवू की इथंच मिटवतोस?’ मेजरला लावला तर तो रडकुंडीला आलेला : ‘सर, माझी नोकरी जाईल, तुम्ही आत्ता भरा, मी सकाळी देतो.’ बायको समोर बसलेली, पोरगं शेजारच्या खोलीत अभ्यास करतंय. २५,००० भरले. तासाभरात आणखी ४०,०००ची मागणी आली.

त्यांची खरी कमाई इथे आहे. ज्याला बंदूक हवी असते त्याला बंदुकीच्या कायद्याची भीतीही असते. चोरीला गेलेल्या मोबाइलसाठी माणूस बिनदिक्कत पोलिस चौकीत जातो, पण ‘मी रायफल मागवली होती’ हे वाक्य घेऊन जायला त्याचा पाय उचलत नाही. टोळीला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून बोअर आधी ४.५ असते आणि पैसे आल्यावर ५.५ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅम रोडला वडिलांच्या मित्राकडे गेलो. काका तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि कितीतरी वेळ नळीचं टोकच बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे बघ, इथं काळा रंग ओघळलाय. खाली नारिंगी दिसतंय.’ खरंच, तोंडाशी नखाएवढी नारिंगी कड डोकावत होती. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकांच्या टोकाला असा नारिंगी रंग लावण्याची सक्ती आहे. प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारं खेळणं काळं करून त्याचा फोटो काढला होता. पीसीपीला हवा भरायची टाकी लागते, दाब दाखवणारी तबकडी लागते. या फोटोत दोन्ही नव्हतं.

बाकीचंही काकांनीच उलगडलं. ‘अरे, सरकारी हत्यार जवानाच्या मालकीचं नसतं, ते कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा असतं. स्वतःचं असलं तर परवान्यावर असतं, ते असं फोनवर विकता येत नाही. आणि देवळालीच्या रेंजवर तोफांचा मारा चालतो. तिथं तुला कोण सोडणार?’ शेवटी त्यांनी विचारलं, ‘पैसे कुणाच्या नावावर गेले?’ ओळखपत्रावर एक नाव, यूपीआयवर दुसरं आणि २५,००० घेणाऱ्या ‘पोलिसा’चं तिसरं. खरा पोलिस खासगी खात्यावर पैसे मागवून गुन्हा मिटवत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

तिथूनच १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभरातला एकच क्रमांक आहे. व्यवहाराचे यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. माझे ११,००० असे अडकवले गेले, बाकीचे तोवर काढले गेले होते. नंतर सायबर पोलिसांकडे गेलो तेव्हा छातीत धडधड होत होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी चॅट वाचलं, ‘४.५ एमएम, लायसन्स फ्री’ या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘तुमच्या ताब्यात काही आलंय का? नाही ना? मग तुम्ही तक्रारदार आहात, आरोपी नाही.’ म्हणून सांगतो, जाहिरातीचा आणि पहिल्या बोलण्याचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. माझ्याकडे होता, म्हणून मी तिथे ताठ बसू शकलो. समोरचा माणूस नंतर मेसेज पुसतो. माझेही पुसले होते.

एक विनंती. त्या ओळखपत्राचा फोटो संतापाने पुढे पाठवू नका. तो कुणा खऱ्या जवानाचा असू शकतो आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नसेल.

आता ज्यांना खरोखर लांब पल्ल्याकडे जायचंय त्यांच्यासाठी. सेमी-ऑटोमॅटिक लष्करी धाटणीची रायफल सामान्य नागरिकाला मिळत नाही. पॉइंट ३०३ आणि लष्कराच्या वापरातली ७.६२ ही प्रतिबंधित बोअर आहेत. उरतात पॉइंट २२, पॉइंट ३१५, थर्टी-ओ-सिक्स अशा बोल्ट अॅक्शन रायफली, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खिट्टी ओढायच्या, आणि त्या परवान्यावरच. नाशिक शहरात परवाना पोलिस आयुक्तालयातून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. आयुध निर्माणीची पॉइंट ३१५ जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीची आहे, म्हणून लष्करी दिसते आणि भुरळ घालते. पण तिचं काडतूस जड आणि संथ, मार्ग कमानीसारखा. टार्गेटसाठी ती मी घेणार नाही.

दुसऱ्याकडून जुनी रायफल घेत असाल तर शस्त्र कायद्याच्या कलम ५प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणून ‘उद्या बदली, आजच घ्या’ असा रायफलीचा कायदेशीर सौदा होऊच शकत नाही. दोघांचे परवाने समोर ठेवा आणि त्यांवरचा यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, बघा. मग नळीत उजेड टाकून आतल्या खाचा तपासा आणि रेंजवर पाच गोळ्या मारून कागद बघा.

चेसिसबद्दल माझं मत वाईट नाही. ती ताठ असते, गालाची उंची आणि खांद्याची लांबी जुळवता येते, प्रोनमध्ये याचा खरा फायदा होतो. पण अचूकता नळीत, ट्रिगरमध्ये आणि काडतुसात असते. घडीचा दस्ता नि रेल हे त्यानंतरचं. आमच्या क्लबचे सर तर सांगतात, आधी पॉइंट २२ वर ५० मीटर प्रोनचं एक वर्ष काढा, मग पुढचं बोला. मी आता तेच करणार आहे, क्लबच्या रायफलवर.

गेल्या आठवड्यात तीच किटबॅग, तीच टोपी आणि तोच नारिंगी ओघळ असलेला फोटो पुन्हा दिसला. या वेळी गाव अहिल्यानगर, किंमत ५८,०००, अधिकारी कॅप्टन. नंबर नवा आहे. मी तो तक्रारीला जोडलाय. तुमच्याकडे हा फोटो आला तर नंबर आणि तारखेसह स्क्रीनशॉट काढा आणि सायबर पोलिसांना कळवा, एक रुपयाही गेला नसला तरी.