४एल६०-ई गिअरबॉक्स घरी बांधल्यावर : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाडी शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, इंजिन ५.३ लिटर व्ही-८, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ४एल६०-ई. जनरल मोटर्सने १९८२ साली ७००-आर४ हा गिअरबॉक्स आणला आणि १९९३ मध्ये त्याचं हे इलेक्ट्रॉनिक रूप आलं. अमेरिकेत टाहो, ब्लेझर, एस-१० अशा कितीतरी गाड्यांत हाच बॉक्स असल्यामुळे सुटे भाग सहज आणि स्वस्तात मिळतात. म्हणूनच तो घरी उघडायला लोक धजावतात.

रिबिल्ड किटमध्ये (बॉक्स पुन्हा बांधण्यासाठीच्या भागांच्या संचात) क्लच प्लेट, स्टील प्लेट, २-४ बँड (दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला ड्रम आवळून धरणारी पट्टी), लिप सील, टेफ्लॉन रिंग, गॅस्केट आणि फिल्टर येतात. कडक केलेली सन शेल (मधल्या सन गिअरला जोडलेलं पोलादी कवच), मोठ्या व्यासाचा कॉर्व्हेट सर्व्हो (बँड आवळणारा पिस्टन) आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत बॉक्सला देणारा भाग) वेगळे घ्यावे लागतात. जुन्या कन्व्हर्टरच्या पोटातला चुरा घरी निघत नाही, तेव्हा तिथे पैसे वाचवू नयेत. सात महिन्यांनंतर किटमधल्या प्लेटांबद्दल तक्रार नाही. तक्रारी येतात त्या बहुतेक जोडणीतून, आणि किट ज्या भागांना हातच लावत नाही त्यांच्यातून.

बांधल्यावर गाडी नीट चालली नाही की पहिला विचार येतो तो बॉक्स पुन्हा खाली उतरवण्याचा. तो आवरावा. कोणते गिअर पडतात आणि कोणते नाहीत, हे आधी कागदावर लिहावं. या बॉक्समध्ये निम्मं निदान तिथेच होतं.

दुसरा आणि चौथा नाही, रिव्हर्स मात्र आहे : दोष बँड किंवा सर्व्होत. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही गेले, पहिल्यावरून थेट तिसरा पडतो : सन शेलच्या खाचा झिजल्या किंवा शेल तुटली. दुसऱ्यापर्यंत सगळं ठीक, तिसऱ्याला इंजिन नुसतं रेस होतं : ३-४ क्लच (तिसऱ्या-चौथ्या गिअरचा). डी मध्ये गाडी जागची हलत नाही, पण लीव्हर १ वर टाकला की चालते : फॉरवर्ड स्प्रॅग किंवा लो रोलर क्लच (दोन्ही एकाच दिशेने फिरू देणारे), बहुतेक वेळा बसवताना उलटा बसलेला, पंपावर संशय घेऊ नये. फक्त दुसरा आणि तिसरा मिळतो : ए सोलेनॉइड (गिअर बदलणाऱ्या ए आणि बी या दोन विजेच्या व्हॉल्व्हपैकी एक) काम करत नाही, आणि तो पॅन (तळाची ऑइलची थाळी) काढून बदलता येतो. डी मध्ये सतत तिसराच राहतो आणि रिव्हर्सला दणका बसतो : दोन्ही सोलेनॉइडना वीज पोचत नाही. फ्यूज आणि बॉक्सवरचा गोल कनेक्टर बघावा. कनेक्टरची पिन वाकणं हा घरगुती कामातला नेहमीचा दोष आहे.

सोलेनॉइड मीटरने मोजता येतात. थंड असताना ए आणि बी २० ते ३० ओहम, प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड ३ ते ५ ओहम.

त्यानंतर ऑइलचा दाब मोजणारं प्रेशर गेज. हे साधन किटइतकंच महत्त्वाचं आहे, तरी बहुतेक जण ते घेत नाहीत. ० ते ३०० पीएसआयचं गेज बॉक्सच्या डाव्या बाजूच्या टेस्ट पोर्टला लावावं. तिथला आटा १/८ इंच पाइपचा आहे. गरम बॉक्स, आयडल, डी मध्ये साधारण ५५ ते ६५ पीएसआय दिसायला हवं. कमी दिसलं तर इंजिन बंद करून गोल कनेक्टर काढावा आणि पुन्हा चालू करावं. प्रेशर सोलेनॉइडचा करंट गेला की प्रेशर कमाल होतं, ही या बॉक्सची रचनाच आहे. काटा वर उडाला तर पंप चांगला आणि दोष विजेचा. काटा जागचा हलला नाही तर पंप, प्रेशर रेग्युलेटर किंवा फिल्टर बघावा.

फिल्टरबद्दल थोडं सविस्तर. फिल्टरच्या नळीवरचं सील पंपाच्या भोकात दाबून बसतं. जुनं सील आत राहिलं आणि त्यावर नवं चढवलं, किंवा नवं तिरकं बसलं, तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. थंडीत गिअर उशिरा पडतो, पंप कण्हतो, डिपस्टिकवर फेस दिसतो. अशाने चांगल्या प्लेटाही थोड्या दिवसांत करपतात. शिवाय उथळ आणि खोल पॅनचे फिल्टर वेगळे असतात. किटमधला आपल्या पॅनचा आहे का, ते मोजून बघावं.

३-४ क्लच पुन्हा पुन्हा जळत असेल तर प्लेटांना दोष देण्याआधी केसमधली थर्ड अॅक्युम्युलेटर चेक बॉलची कॅप्सूल (ऑइलच्या वाटेतला छोटा व्हॉल्व्ह) तपासावी. ती गळते आणि क्लचचं प्रेशर खाते. भाग स्वस्त आहे, बॉक्स उघडा असतानाच बदलावा. त्या पॅकमध्ये फट ०.०३० ते ०.०४५ इंच ठेवावी. इनपुट ड्रममध्ये तीन पिस्टन एकात एक बसतात आणि त्यांच्या लिप सीलची कड सहज दुमडते. ड्रम भरल्यावर ३० ते ४० पीएसआय हवा देऊन प्रत्येक पिस्टनचा ‘ठक’ आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसल्यावर फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनवरच्या ज्या चकतीला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात तिच्यापासून) १/८ ते ३/१६ इंच फट राहते. फट नसेल आणि बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेतला, तर पहिल्याच स्टार्टला पंप फुटतो. व्हॉल्व्ह बॉडीचे (ऑइल वाटणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्याचे) बोल्ट ९६ इंच-पाउंडवरच आवळावेत. जास्त झालं तर बोअर (व्हॉल्व्ह सरकतात ती भोकं) ताणून व्हॉल्व्ह अडकतात.

ऑइल थंड करणारा कूलर फ्लश केला (धुऊन काढला) तरी पुरेसं नाही, प्रवाह मोजावा. परतीची नळी डब्यात सोडून आयडलला २० सेकंदांत एक क्वार्ट (साधारण ०.९५ लिटर) ऑइल यायला हवं. येत नसेल तर कूलर बदलावा. ऑइल डेक्सरॉन-६, ते जुन्या डेक्सरॉन-३ च्या जागी चालतं. ३०० मिमी कन्व्हर्टर कोरडा असेल तर एकूण साधारण ११ क्वार्ट लागतात. आधी पाच-सहा ओतावेत, मग इंजिन चालू ठेवून भर घालावी. पातळी गरम असताना, पार्कमध्ये, सपाट जागेवर बघावी.

पहिल्या काही दिवसांतल्या विचित्र शिफ्टना घाबरू नये, मात्र कॉम्प्युटरमधली जुनी शिकवण स्कॅनरने पुसून टाकावी. नाही तर तो झिजलेल्या प्लेटांच्या हिशोबानेच प्रेशर देत राहतो.

राहता राहिला पी१८७०, म्हणजे बॉक्समध्ये काहीतरी घसरत असल्याचा कॉम्प्युटरचा दोष-कोड. महामार्गावर बॉक्स तापल्यावर हा कोड येतो आणि त्यापाठोपाठ पहिल्या-दुसऱ्याची शिफ्ट दणका देते. लोक शिफ्टचा धक्का शोषणाऱ्या १-२ अॅक्युम्युलेटरचा पिस्टन आणि स्प्रिंग बदलतात, फरक पडत नाही. कारण वेगळंच असतं. व्हॉल्व्ह बॉडीच्या अॅल्युमिनियममध्ये टीसीसी (टॉर्क कन्व्हर्टर क्लच) व्हॉल्व्हचं बोअर झिजतं, कन्व्हर्टर क्लच घसरतो, आणि कोड बसल्यावर कॉम्प्युटर प्रेशर कमालीवर नेतो. नेहमीच्या रिबिल्ड किटमध्ये याचा इलाज नसतो. बोअर रीमरने मोठं करून जाड व्हॉल्व्ह बसवावा, नाही तर दुरुस्त केलेली व्हॉल्व्ह बॉडी घ्यावी. बॉक्स उतरवावा लागत नाही, पॅन आणि फिल्टर काढले की हात पोचतो.

५०० मैलांना पॅन उघडला तेव्हा चुंबकावर राखाडी, मऊ थर होता. तो नव्या प्लेटांचा, ठीक. चकाकणारे तुकडे किंवा पितळी कण दिसले असते तर थांबणं भाग होतं. सात महिन्यांनी ऑइल लालच आहे, करपलेला वास नाही, तिसरा गिअर चढावर ट्रेलर ओढतानाही घसरत नाही.