आयएसओ १९०११:२०१८ : कारखान्यातल्या अंतर्गत ऑडिटला कितपत उपयोगी?

कारखान्यात अंतर्गत ऑडिटचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याच्या हातात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात : मागच्या वर्षीची चेकलिस्ट आणि आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातलं ९.२ हे कलम. ते कलम ऑडिट करा म्हणतं, पण कसं करायचं ते फारसं सांगत नाही. ते सांगायला आयएसओ १९०११ आहे. पहिली आवृत्ती २००२ ची, दुसरी २०११ ची; हा रिव्ह्यू २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीचा. पानं पन्नाशीच्या आत.

पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी दोन गैरसमज. हे मार्गदर्शक आहे, सक्तीचं मानक नाही, त्यामुळे याचं प्रमाणपत्र कंपनीला मिळत नाही. 'आमची कंपनी १९०११ सर्टिफाइड आहे' असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. दुसरं, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ खाली होणारं अंतर्गत लेखापरीक्षण वेगळं. इथे विषय गुणवत्ता, पर्यावरण, सुरक्षितता अशा व्यवस्थापन प्रणालींच्या ऑडिटचा आहे.

बहुतेक लोक थेट सहावं कलम उघडतात, कारण ओपनिंग मीटिंगपासून रिपोर्टपर्यंतच्या पायऱ्या तिथे आहेत. त्या ठीकच आहेत, दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्येही शिकवतात. पैसे खरे वसूल होतात ते पाचव्या कलमात. वर्षभराचा कार्यक्रम कसा बांधायचा, त्या कार्यक्रमालाच कोणते धोके आहेत, आणि वर्षअखेरीस तो चालला की नाही हे कसं तपासायचं, हे सगळं तिथे आहे. जोखमीवर आधारित दृष्टिकोन हे सातवं तत्त्व २०१८ साली आलं, आणि ते सर्वांत जास्त लागू पडतं वेळापत्रकाला.

आपल्याकडचं नेहमीचं वेळापत्रक म्हणजे एप्रिलमध्ये बनवलेला एक तक्ता : प्रत्येक विभागाला वर्षातून एक ऑडिट, सगळ्यांना सारखे दोन तास, आणि सगळं उरकायचं सर्टिफिकेशनवाले येण्याच्या आधीच्या आठवड्यात. यात स्टेशनरी खरेदीला जेवढा वेळ तेवढाच हीट ट्रीटमेंटला. त्याऐवजी प्रत्येक प्रक्रियेपुढे पाच गोष्टी लिहाव्यात : गेल्या बारा महिन्यांतल्या ग्राहक तक्रारी, आतलं रिजेक्शन आणि रिवर्क, नवीन पार्ट किंवा हलवलेलं मशीन, मागच्या ऑडिटमधल्या एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ठरलेल्या निकषाशी न जुळणाऱ्या गोष्टींच्या नोंदी), आणि माणसांची अदलाबदल. प्रत्येकाला १ ते ३ गुण द्यावेत. बेरीज १२ च्या वर जाईल ती प्रक्रिया वर्षातून तीनदा, ७ च्या खाली असेल ती एकदा. हे आकडे मार्गदर्शकातले नाहीत, ते आपापल्या कारखान्यानं ठरवायचे. तत्त्व मात्र तिथलंच. तक्ता एकदा भिंतीवर लागला म्हणजे संपलं असंही नाही. ऑगस्टमध्ये मोठी तक्रार आली तर सप्टेंबरचं वेळापत्रक बदललंच पाहिजे.

जोडपत्र 'अ' मधली सॅम्पलिंग आणि मुलाखतीची पानं तर प्रत्येक ऑडिटरनं ऑडिटच्या आदल्या दिवशी वाचावीत. सॅम्पलिंगबद्दल तिथे किती नग घ्यायचे हा आकडा नाही; निवडीमागचा विचार आहे. शॉप फ्लोअरवर तो असा उतरतो. समजा बोअर (पीसमधलं भोक) २५ एच७ आहे, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी. ऑपरेटरकडे गो-नो गो प्लग गेज आहे : त्याचं गो टोक बोअरमध्ये जायला हवं, नो-गो टोक जाता कामा नये. गो टोक प्रत्येक पीसमध्ये आत-बाहेर होतं, म्हणून आधी तेच झिजतं. झिजून २४.९९४ झालं की २४.९९६ चा बोअरही ते बिनतक्रार पास करतं, आणि गोष्ट कळते ती असेंब्लीत शाफ्ट अडकल्यावर. म्हणून ऑडिटरनं बिनमधला एक पीस उचलावा. पीसवरून रूट कार्ड (पीस कोणत्या कामांतून गेला त्याची नोंद), रूट कार्डवरून कंट्रोल प्लॅन (काय, कशानं, किती वेळा तपासायचं याचा तक्ता), तिथे लिहिलेली वारंवारता, उदाहरणार्थ दर दोन तासांनी पाच पीस. मग हातातल्या गेजचा नंबर, आणि नंबरवरून कॅलिब्रेशनचा, म्हणजे गेजचं माप ताडून पाहिल्याचा दाखला. दाखल्यावर नुसतं 'ओके' आहे की गो टोकाचं मोजलेलं माप आणि झिजेची मर्यादा आहे, ते बघावं.

हाच माग उलटाही काढायचा. तीन गेज जागेवरून उचलून यादीत शोधावेत, दोन यादीतून निवडून जागेवर शोधावेत. पहिल्या पद्धतीत यादीत नसलेले, कोणीतरी ड्रॉवरमध्ये ठेवलेले गेज सापडतात. दुसऱ्या पद्धतीत हरवलेले. फक्त यादी घेऊन फिरणाऱ्या ऑडिटरला पहिला प्रकार कधीच दिसत नाही.

मुलाखतीबद्दलचा सल्ला साधा आहे : माणसाशी त्याच्या कामाच्या जागी, त्याच्या नेहमीच्या वेळेत बोला, सुरुवात त्याला त्याचं काम सांगायला लावून करा, उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. 'एसओपी (कामाची लेखी ठरलेली पद्धत) पाळता ना?' याला 'हो साहेब' याशिवाय उत्तर नाही. 'दादा, आज पहिला पीस कुणी पास केला? आणि नो-गो आत गेला तर तो पीस कुठे ठेवता?' असं विचारलं की माणूस बोट दाखवतो, आणि त्या बोटाच्या दिशेनं लाल बिन आहे की नाही, त्याला कुलूप आहे की नाही, सगळं दिसतं.

आता तो कापलेला एक गुण. उत्पादन प्रक्रियेचं ऑडिट आणि प्रॉडक्ट ऑडिट यांची स्वतंत्र पद्धत यात नाही. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ नुसार प्रणाली, उत्पादन प्रक्रिया आणि प्रॉडक्ट अशी तिन्ही ऑडिटं लागतात, आणि प्रक्रिया ऑडिट सर्व पाळ्यांमध्ये, पाळी बदलतानाच्या हस्तांतरासह. सकाळी दहा ते बारा फिरून ही अट पुरी होत नाही. रात्रपाळीला लाइन इन्स्पेक्टर किती, सेटिंग कोण करतं, पोकायोकेची (चूक होऊच न देणाऱ्या व्यवस्थेची) तपासणी खरंच होते की रजिस्टर एकाच पेनानं एका दमात भरलेलं आहे, हे रात्री दोनलाच कळतं. या कामाला व्हीडीए ६.३ या जर्मन वाहन उद्योगाच्या प्रक्रिया ऑडिट मानकाची प्रश्नावली जास्त धारदार आहे. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला ०, ४, ६, ८ किंवा १० गुण असतात. १९०११ ला तो पर्याय नव्हे. दोन्ही जोडून वापरावीत.

ऑडिटरच्या क्षमतेचं सातवं कलम चांगलं आहे, पण कारखान्यात सर्वांत जास्त पायदळी तुडवलं जाणारंही तेच. दोन दिवसांचं प्रमाणपत्र फाइलला लावलं की ऑडिटर तयार झाला, असं धरलं जातं. मार्गदर्शकात मूल्यमापनाचे अनेक मार्ग आहेत. त्यातला प्रत्यक्ष ऑडिट करताना पाहण्याचा एक तरी अमलात आणावा. निःपक्षपातीपणाचा भागही इथेच जोडून वाचावा. मेंटेनन्सनं क्वालिटीचं आणि क्वालिटीनं मेंटेनन्सचं ऑडिट करायचं, म्हणजे 'तू माझ्यावर टाकू नकोस, मी तुझ्यावर टाकत नाही' हा समझोता ठरलेलाच. तीन-चार विभागांची साखळी करावी, परतफेड होऊ देऊ नये.

निष्कर्ष कसे लिहायचे यावर जोडपत्राचा शेवटचा भाग आहे : निकष, पुरावा, विधान. 'गेज कॅलिब्रेशन नीट नाही' ही एनसी नव्हे. 'बोअरिंग सेल ३ मध्ये प्लग गेज पीजी-१४ वापरात, कॅलिब्रेशनची मुदत १२ जूनला संपलेली, ऑडिट ३ जुलै. कॅलिब्रेशन प्रोसीजरप्रमाणे मुदत संपलेलं गेज वापरातून काढणं आवश्यक' ही एनसी. पहिलीवर उत्तर येतं, 'ऑपरेटरला समज दिली.' दुसरीवर तसं सुटता येत नाही : गेज पुन्हा तपासावं लागतं, आणि ते मर्यादेबाहेर निघालं तर मधल्या एकवीस दिवसांत पास झालेल्या मालाचं काय, हे सांगावं लागतं. क्लोजर देतानाही, म्हणजे एनसी बंद करतानाही, नवीन स्टिकरचा फोटो पुरेसा धरू नये. तीन महिन्यांनी त्याच सेलमधले आणखी पाच गेज बघावेत.

घ्यावं का? ऑडिट प्रोग्राम चालवणाऱ्यानं जरूर घ्यावं. पीडीएफ एका वापरकर्त्याच्या परवान्याची असते, ती सगळ्या टीमला फॉरवर्ड करता येत नाही. त्यामुळे पाचवं कलम आणि जोडपत्र वाचून स्वतःची आठ-दहा पानांची प्रोसीजर मराठीत लिहावी आणि ती ऑडिटरांच्या हातात द्यावी.