स्टेप एपी२४२ : जळगावच्या मशिन शॉपमधले आठ महिने

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं मशिन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशिनं), एक सीएनसी लेथ. पाइप आणि चटईच्या एक्स्ट्रूजन लाइनला लागणारी गिअरबॉक्स हाउसिंग, शाफ्ट, कपलिंग आम्ही जॉबवर्कवर करतो. पुण्याचा एक ग्राहक आठ महिन्यांपासून ड्रॉइंगऐवजी पार्टच्या थ्रीडी मॉडेलची स्टेप एपी२४२ फाइल पाठवतो.

त्याआधी ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सॲपवर यायचा. एका हाउसिंगला ६२०५ बेअरिंग बसायचं बोअर (भोक) होतं, ५२ एन७: व्यास ५२ मिमी, आणि त्यात किती कमी-जास्त चालेल याचा कोड एन७. फोटो धूसर. इंग्रजी एन आणि एच यांत मधली रेघ तिरपी की आडवी, एवढाच फरक. आम्ही एच७ वाचलं. एन७ म्हणजे ५२ पेक्षा ०.००९ ते ०.०३९ मिमी कमी. एच७ म्हणजे ० ते ०.०३० जास्त. दाबून बसायचं बेअरिंग बोटाने आत सरकलं. चौदा कास्टिंग भंगारात गेली आणि चूक कुणाची यावर महिनाभर बिल अडकलं.

स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३, मॉडेलचा डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचं १९९४ पासूनचं मानक. त्यातल्या जुन्या एपी२०३, एपी२१४ प्रकारच्या फाइलींतून आमच्यापर्यंत नुसता आकार पोचायचा, टॉलरन्ससाठी (मापात चालणाऱ्या फरकासाठी) पीडीएफ लागायचीच. २०१४ च्या एपी२४२ मध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र आले आणि टॉलरन्स, डेटम (ज्या पृष्ठापासून मापं धरायची ते) थेट मॉडेलच्या त्या त्या फेसला जोडलेले येतात. बोअरवर क्लिक केलं की दोन्ही मर्यादा समोर. आमचा पारोळ्याकडचा ऑपरेटर ते पाहून म्हणाला, "भाऊ, आते इचारानं काम नही." तेव्हापासून टॉलरन्स चुकीचा वाचला म्हणून एकही पीस रिजेक्ट झालेला नाही. गेल्या महिन्यात तर पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहून आलं: फाइल आणि पीडीएफमध्ये फरक असेल तर फाइल धरावी.

पण प्रत्येक फाइल अशी नसते. काहींत टॉलरन्स नुसतं चित्र म्हणून असतो. डोळ्यांना दिसतो, सॉफ्टवेअरला कळत नाही. म्हणून फाइल आली की आधी नोटपॅडमध्ये उघडा, ती साधी टेक्स्टच असते. वरच्या स्कीमाच्या ओळीत एपी२४२ आहे का पाहा. मग इंग्रजीत 'DIMENSIONAL_SIZE' शोधा. एकदाही सापडलं नाही तर मापं आकड्यांत आलेलीच नाहीत. फाइल परत पाठवा, काम सुरू करू नका.

आट्यांचं दुखणं अजून आहे. एम८ टॅपिंगचं होल बऱ्याचदा ६.८ चं साधं भोक म्हणून येतं. त्याची वेगळी नोट मागून घ्या. आमचं जुनं कॅम (मॉडेलवरून मशिनचा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) हे टॉलरन्स वाचत नव्हतं, अपग्रेड घ्यावं लागलं. छोट्या शॉपला हा खर्च जड जातो, तरी त्या चौदा कास्टिंगनंतर मला तो खटकला नाही.

खटकतं ते वेगळंच. ग्राहकाकडून येणारा डेटा इतका नेटका, आणि आम्ही मोजलेली मापं अजून एक्सेलमध्ये हाताने भरून पाठवायची! तपासणीच्या डेटासाठी क्यूआयएफ हा फाइल फॉरमॅट आहे, २०२० पासून ते आयएसओ २३९५२ झालंय. पुढच्या आठवड्यात पुण्याला जातोय, तेव्हा रिपोर्ट त्यात घ्यायला सांगणार आहे.