मुंबईची गुन्हेगारी बससफर : मेट्रोला मजा, डोंगरीला लाज

भाच्याने तिकीट काढून दिलं. "मावशी, तुझाच विषय आहे," म्हणाला. विषय माझाच, हे खरं. नोकरी परिविक्षा अधिकारी म्हणून झाली. म्हणजे पोलिसांनी पकडलेल्या मुलाच्या घरी जायचं, आईबापांशी, शाळेत, शेजारीपाजारी बोलायचं आणि अठराच्या आतल्या आरोपींची प्रकरणं चालवणाऱ्या बालन्याय मंडळाला अहवाल द्यायचा.

तिकीट ८५० रुपये. एसी मिनीबस, पाण्याची बाटली, गार पडलेला समोसा. गाडी वेळेवर सुटते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बऱ्याच तक्रारी आहेत.

मेट्रो सिनेमाचा थांबा फर्मास. गाइड पोरगा गोष्ट सांगण्यात तयार आहे. २७ एप्रिल १९५९ ला नौदलातले कमांडर नानावटी बायकोमुलांना इथे सिनेमाला सोडून गेले आणि नंतर बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींना हीरो केलं, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, रस्त्यावर नानावटीच्या नावाने खेळण्यातली पिस्तुलं विकली गेली. हायकोर्टाने निकाल फिरवून जन्मठेप दिली, हेही त्याने नीट सांगितलं. मेलेला माणूस मात्र त्याच्या लेखी फक्त 'टॉवेलवाला', कारण मेला तेव्हा अंगावर टॉवेल होता. बसमध्ये हशा. त्या टॉवेलवाल्याची बहीण कोर्टात साक्षीला उभी राहिली होती, पण ती गोष्टीत नव्हतीच.

मलबार हिलवर १९२५ चा बावला खून भराभर उरकला. इंदूर दरबार सोडून आलेल्या मुमताजला पळवून न्यायला आलेल्यांनी तिच्यासोबतच्या बावला या व्यापाऱ्याला मारलं, ते हे प्रकरण. इंदूरच्या महाराजांनी गादी सोडली ते आलं. मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले होते आणि तरी तिने साक्ष दिली, ते राहिलं.

महालक्ष्मीला शक्ती मिलच्या बाजूने जाताना माझं डोकं फिरायला लागलं. २०१३ चं सामूहिक बलात्काराचं प्रकरण. पीडित मुलगी काय काम करायची, कुठे राहायची, याच्या चविष्ट सूचना माइकवरून चालू. नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असं नसतं हो! ओळख पटेल असं काहीही जाहीर करायचं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. वर "तिघांना फाशी" म्हणून टाळ्या घेतल्या. हायकोर्टाने २०२१ मध्ये ती जन्मठेपेवर आणली, याचा पत्ताच नाही. आरोपींत एक अल्पवयीन होता, त्यावर साहेबांचं भाष्य, "अठराच्या आत असला की सुटतोच."

सुटत नाही. तेव्हाच्या कायद्यातही विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवता येत होतं. १५ जानेवारी २०१६ पासून तर सोळा ते अठरा वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं आणि खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. एवढं वाचायला एक दुपार पुरते.

शेवटचा थांबा डोंगरी. उमरखाडीच्या निरीक्षण गृहासमोर, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, गाडी चक्क उभी केली. "इथे उद्याचे डॉन तयार होतात." खिडक्यांशी सगळे मोबाइल वर. फाटकाबाहेर एक बाई पोराला घेऊन निघत होती, हातात कपड्यांची पिशवी. तिने आधी पदर त्याच्या तोंडावर ओढला आणि मग स्वतःच्या तोंडावर घ्यायला तिला पदर उरला नाही. मी उठून पडदे ओढले. मागचे एक गृहस्थ म्हणाले, "बाई, पैसे भरलेत आम्ही."

बाल न्याय कायद्याचं कलम ७४ असं आहे : अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते फोटो घरी पोचायच्या आत स्टेटसला लागले असणार. गंमत म्हणजे हे गृह ज्या जुन्या डोंगरी तुरुंगाच्या जागेत आहे, तिथेच १८८२ साली टिळक-आगरकर १०१ दिवस होते. गुन्ह्यांचा इतिहास विकणाऱ्यांना एवढी आयती गोष्ट मिळाली नाही! आणि पळून आलेलं, हरवलेलं, मार खाऊन घराबाहेर पडलेलं मूलही पुष्कळदा पोलिसांच्याच हाताने या व्यवस्थेत येतं. त्याच्यासाठी बाल कल्याण समिती असते, बालन्याय मंडळ वेगळं. हा फरक माइकवाल्याला सांगितला, तर म्हणाला, "काकू, लोकांना एवढं डिटेल नको असतं."

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांना मेल केला : डोंगरीला गाडी थांबवू नका, शक्ती मिलची संहिता एखाद्या वकिलाला दाखवा. उत्तर आलं, त्यात पुढच्या सफरीसाठी वीस टक्के सवलतीचा कूपन कोड होता.

दोन तारे, दोन्ही नानावटीचे. जायचंच असेल तर डावीकडची सीट घ्या आणि मलबार हिलनंतर उतरून चर्नी रोडला लोकल पकडा.